दोन जुनी कार्डं की एक नवं? आरएक्स ५८० ची जोडी लावून पाहिली, मग आरएक्स ६६०० घेतलं

यूपीएसने आधी दोन शिट्ट्या मारल्या, मग सलग ओरडायला लागला आणि पाच-सहा सेकंदांत मॉनिटरसकट सगळं बंद. खोलीत फक्त कूलरची घरघर उरली. एप्रिलमधला शनिवार, रात्रीचे साडेदहा, अकोला. कॅबिनेटमध्ये एकाखाली एक अशी दोन आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डं (गेमचं चित्र काढणारी) बसवून मी पहिल्यांदाच गेम सुरू केला होता. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट. दोन कार्डांनी गेमचा पहिला सीन लोड होतानाच ती मर्यादा ओलांडली.

दुसरं कार्ड घ्यायचं की नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं होतं. पण अर्ध्या उत्तरावर वीस हजारांचा निर्णय घ्यायचा नव्हता, म्हणून दोन दिवस नीट बसून सगळं तपासलं. त्यानंतर नवं कार्ड घेतलं, त्यावर अख्खा मे महिना काढला आणि आता लिहितोय.

मी एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये अकाउंट्स बघतो. रात्री जेवणं झाली की दहा ते साडेबारा हा माझा गेमिंगचा वेळ. पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ तिकडून माइकवर असतो. दिवसभर जीएसटी आणि वजनकाट्याच्या पावत्यांमध्ये गेल्यावर हे दोन-अडीच तास मला मनापासून हवे असतात. त्यामुळे कार्ड हा माझ्यासाठी नुसता हौसेचा विषय नाही.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर. कार्ड आरएक्स ५८०, ८ जीबी. एप्रिल २०१७ मध्ये आलेलं हे कार्ड मी सेकंड हँड घेतलं होतं आणि त्याने माझी चांगली सेवा केली. पण गेल्या वर्षभरात नवे गेम मीडियमवरही धापा टाकायला लागले. सायबरपंक २०७७ मध्ये बाजारात गर्दी झाली की सेकंदाला निघणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, ४२ च्या वर जाईनात.

मग दुसऱ्या कार्डाचा विचार कुठून आला? आमच्या कॉलनीतल्या एका मित्राचा गेमिंग कॅफे बंद झाला. त्याच्याकडे सहा आरएक्स ५८० पडून होती, सगळी एकाच मॉडेलची आणि क्रिप्टो मायनिंगला एकदाही न लावलेली. एक मला ६,५०० रुपयांत द्यायला तो तयार होता. वर म्हणाला, "आधी शनिवार-रविवार लावून पाह्य, जमलं त पैसे दे." इतका सरळ सौदा कोण सोडेल! ५८० ला जोडणीसाठी वेगळी पट्टीही लागत नाही. हे कार्ड बनवणाऱ्या एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून क्रॉसफायरची (दोन कार्डं जोडीने चालवायची त्यांची सोय) देवाणघेवाण थेट पीसीआय एक्सप्रेसमधूनच, म्हणजे कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटमधूनच, करायला सुरुवात केली होती. म्हणजे कार्ड खाली खोचायचं, पॉवरची केबल लावायची, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) क्रॉसफायर चालू करायचं, झालं.

कागदावर झालं. बसवताना पहिली अडचण जागेची आली. माझ्या बोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट अगदी तळाशी आहे. कार्ड त्यात बसवलं की कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची केबल त्याच्याखाली चेंगरते. ती काढावी लागली. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीपासून जेमतेम दोन बोटांवर. म्हणजे खालचं कार्ड तापून जी हवा सोडणार, तीच वरचं ओढून घेणार.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. तो दुसरा स्लॉट लांबीला पूर्ण असला तरी आत फक्त चार लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत, त्याही पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आणि चिपसेटमार्गे येणाऱ्या. वरच्या स्लॉटला सेकंदाला जवळपास १६ जीबी जातात, खालच्याला २ जीबी. बी४५० चे बहुतेक बोर्ड असेच असतात. कार्ड जोडायचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी आपल्या बोर्डचं मॅन्युअल उघडून ही एक ओळ वाचावी. एनव्हिडियाच्या एसएलआयला (त्यांची जोडीची सोय) तर किमान आठ लेन लागतात, त्यामुळे अशा बोर्डवर ती जोडी लागतच नाही. आणि जीटीएक्स १०६० असेल तर विषयच संपला, त्या कार्डाला एसएलआयची सोयच दिलेली नव्हती.

यूपीएस बाजूला काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं, मध्ये वॅट दाखवणारा मीटर ठेवला. आणि एकेक गेम सुरू केला.

शॅडो ऑफ द टूम्ब रेडर हा माझ्याकडचा एकमेव गेम, ज्यात डायरेक्टएक्स १२ वर (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) दोन कार्डांची सोय गेम बनवणाऱ्यांनी स्वतः करून ठेवली आहे. त्याच्या आतल्याच बेंचमार्कमध्ये एका कार्डावर सरासरी ५६ फ्रेम येत होत्या, दोनवर ७९ आल्या. हे बघून मला खरंच आनंद झाला. साडेसहा हजारांत २३ फ्रेम!

मग सायबरपंक लावला. ४२. पुन्हा तपासलं, ४२. खालच्या कार्डाचा वापर शून्य टक्के, पंखे संथ, कार्ड नुसतं बसून. एल्डन रिंगमध्येही तेच. या गेमना दुसरं कार्ड आहे याचा पत्ताच नाही.

विचर ३ ची जुनी, डायरेक्टएक्स ११ वाली आवृत्ती माझ्याकडे होती. त्यात ड्रायव्हरच्या जोरावर दोन्ही कार्डं कामाला लागली. कोपऱ्यातला आकडा ५८ वरून ८४ वर गेला. पण घोड्यावर बसून झाडांमधून जाताना मान जरा वळवली की चित्र अडखळायचं. आकडा ८४ आणि डोळ्यांना वाटतंय ४०. फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेक फ्रेम काढायला किती वेळ लागला त्याचा, आलेख चालू केला तेव्हा कळलं. एक फ्रेम ६ मिलिसेकंदांत, पुढची १८ मध्ये, परत ६, परत १८. सरासरी काढली तर १२, म्हणजे ८४ च्या आसपास फ्रेम, हिशेब बरोबरच आहे. पण डोळा सरासरी बघत नाही, त्याला प्रत्येक फ्रेम वेगळी दिसते. हाच तो मायक्रोस्टटर.

बाबा त्या दिवशी पातूरकडच्या गावाहून आले होते. उघडं कॅबिनेट बघून खुर्ची ओढून बसले.

"हे दोन काहून लावले?"

"दोघं मिळून काम करतात बाबा. एक फ्रेम हे काढते, पुढची ते काढते."

त्यांनी थोडा वेळ पडद्यावरचा घोडा पाहिला. "चाल एक आहे का दोघाईची?"

मी म्हटलं, "नाही, तीच त अडचण आहे."

"मंग जोडी कशाची?" बाबा म्हणाले. "एक तेज अन् एक मागं ओढणारा असला त गाडी धक्के खातेच. पटावर अशी जोडी कोणी उतरवत नाई."

बाबांनी तरुणपणी शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, बैल राखले होते. ग्राफिक्स कार्ड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, आणि मला तीन दिवसांच्या वाचनातून जे समजलं होतं ते त्यांनी एका प्रश्नात पकडलं. दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असली तरी त्यांची चाल एक नव्हती. एक १६ जीबीच्या रस्त्यावर, दुसरं २ जीबीच्या पाणंदीत.

दुसरा गैरसमज मेमरीचा. ८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी असं मलाही आधी वाटलं होतं. तसं होत नाही. आळीपाळीने फ्रेम काढायच्या तर प्रत्येक कार्डाला गेमचं सगळं सामान स्वतःजवळ ठेवावं लागतं. दोन्हीकडे तेच ८ जीबी, वापरायला मिळतात ८ च.

हे सगळं पूर्वी चालायचं, जोरात चालायचं. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू २ ची जोडी लागायची. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं, एटीआयने (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) २००५ मध्ये क्रॉसफायर. मग गेमच बदलले. आजचे गेम कडा गुळगुळीत करायला, सावल्या आणि प्रतिबिंबं काढायला मागच्या फ्रेममधली माहिती वापरतात. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे असेल तर ती यायची वाट बघत बसावं लागतं, मग जोडीचा फायदा काय राहिला? त्यात डायरेक्टएक्स १२ ने जोडीची जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यावर दिली, आणि मूठभर लोकांसाठी एवढे कष्ट कोण घेणार. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवे एसएलआय प्रोफाइल (त्या त्या गेमसाठी जोडीची ड्रायव्हरमधली सेटिंग) देणं थांबवलं. ३० च्या मालिकेत जोडणीचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला उरला होता, ४० च्या मालिकेत तोही गेला. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर नाही. व्हिडिओ रेंडर करणाऱ्यांना किंवा घरी एआय मॉडेल चालवणाऱ्यांना दोन कार्डं आजही उपयोगी पडतात, कारण तिथे काम वाटून घेता येतं. गेमिंगचं तसं राहिलेलं नाही.

आता उष्णता. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू बघताना मला हीच गोष्ट कमी दिसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. रात्री दहालाही भिंती हाताला गरम लागतात. खोलीत एसी नाही, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आहे. त्याने आपल्याला बरं वाटतं, पण त्या दमट हवेत धूळ कार्डाच्या जाळीत चिकटून बसते. मार्चमध्ये मी ५८० उघडलं तेव्हा पंख्यामागे धूळ आणि वाळ्याचे बारीक तंतू मिळून फेल्ट कापडासारखा थर जमला होता. नखाने सोलून काढला, अख्खा तुकडा निघाला.

एका ५८० ची अधिकृत पॉवर १८५ वॅट. दोन म्हणजे ३७०. जोडी चालू असताना भिंतीवरचा मीटर ४५५ दाखवत होता, एकट्या कार्डावर २९० च्या आसपास. वरचं कार्ड वीस मिनिटांत ८९ अंशांवर गेलं आणि स्वतःचा वेग कमी करायला लागलं. हे एप्रिलमध्ये. मे मध्ये काय झालं असतं हे बघायची माझी इच्छा नाही. त्या खोलीत पाचशे वॅटचा हीटर लावून उन्हाळ्यात बसण्यासारखंच ते आहे.

रविवारी रात्री वही काढली. कार्ड ६,५००. रोजच्या वापराला ५५० वॅटच्या सप्लायवर अशा उन्हाळ्यात माझा भरवसा नाही, म्हणून ७५० वॅटचा चांगला सप्लाय ६,८००. यूपीएस १००० व्हीएचा, ५,२००. बेरीज १८,५००. दुसरीकडे नवं आरएक्स ६६०० मला २०,८०० ला मिळत होतं, जुनं ५८० विकून ५,५०० येणार होते. म्हणजे खिशातून १५,३००, आणि सप्लाय-यूपीएस तेच चालणार. 'स्वस्त' जोडी ३,२०० रुपयांनी महाग निघाली! दुसरं कार्ड घ्यायचं ठरवताना आपण फक्त कार्डाची किंमत बघतो, चूक तिथेच होते.

सोमवारी सकाळी मित्राचं कार्ड परत केलं. तो काहीच बोलला नाही, चहा पाजला.

आरएक्स ६६०० घ्यायच्या आधी इतर पर्यायही पाहिले. आरटीएक्स ४०६० फक्त ११५ वॅटचं आहे, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची एनव्हिडियाची सोय) चांगलं आहे, पण ते मला २७-२८ हजारांच्या खाली मिळेना. ज्याला ते परवडतं त्याने तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आरएक्स ७६०० थोडं वेगवान, पण १६५ वॅट. इंटेलचं आर्क ए७५० किमतीला छान, पण २२५ वॅट, आणि जुन्या बोर्डवर रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू झालं नाही तर त्याची निम्मी मजा जाते. ऑक्टोबर २०२१ चं आरएक्स ६६०० म्हणजे १३२ वॅट, ८ जीबी आणि बहुतेक मॉडेलना एकच आठ पिनची केबल. एएमडी त्याला ४५० वॅटचा सप्लाय पुरे म्हणते. माझ्या खोलीला आणि माझ्या यूपीएसला हेच झेपणारं होतं.

खरेदीची एक गोष्ट सांगायलाच हवी. डोंबिवलीला नात्यातलं लग्न होतं, तो योग साधून मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. एका दुकानात मला 'नवीन सीलपॅक ५८०, आठ जीबी' म्हणून एक खोका दाखवला, ६६०० कशाला घेता म्हणाले. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात २०४८एसपी छापलं होतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (कार्डातली हिशेब करणारी छोटी एककं) असतात. २०४८ वालं म्हणजे मुळात ५७० च, नाव तेवढं ५८० चं. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "सर, परफॉर्मन्स सेम है." सेम नाही. ज्याला हा आकडा माहीत नाही त्याचे पैसे तिथे जातात, याचा मला राग आला आणि मी सरळ बाहेर पडलो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा दिवसरात्र राबलेली ५८० बाजारात ढिगाने आली. त्यातली कितीतरी धुऊन-पुसून अजून फिरतायत. सेकंड हँड घेताना समोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून २३०४ दिसतंय का ते बघा, पंधरा मिनिटं गेम चालवायला लावा, विकणारा नाही म्हणाला तर उठून या.

दोन गल्ल्या पुढे दुसऱ्या दुकानात ६६०० मिळालं. जीएसटी बिल, बिलावर सिरीयल नंबर, तीन वर्षांची वॉरंटी. विदर्भ एक्स्प्रेसने परतलो, खोका पूर्ण रात्र टॉवेलमध्ये गुंडाळून उशाशी.

आता अनुभव. शॅडोमध्ये त्याच सेटिंगवर ९३ फ्रेम, म्हणजे दोन ५८० पेक्षाही जास्त. सायबरपंक हायवर ६० च्या आसपास. महत्त्वाचं म्हणजे ते साठ खरे साठ आहेत, फ्रेमटाइमची रेघ सपाट. विचरमधला घोडा आता कुठेही अडखळत नाही. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा असल्याने मी फ्रेम ७५ वर बांधून ठेवतो. त्याने भिंतीवरचा मीटर १६५ वर येतो, मोकळं सोडलं तर २०५. रोज तीन तास खेळलो तरी जोडीपेक्षा महिन्याला वीसेक युनिट वाचतात. मे मधल्या सगळ्यात वाईट रात्री कार्ड ७३ अंशांवर होतं.

एका बाबतीत तर तुलनाच होत नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल हा गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी काढायचं तंत्र) हार्डवेअर असल्याशिवाय चालत नाही, आणि त्याच्या किमान यादीत एएमडीचं कार्ड आरएक्स ६६०० आहे. ५८० मध्ये ते हार्डवेअरच नाही. दोन काय, दहा लावली तरी ते दार उघडणार नाही. शिवाय २०२३ पासून एएमडीने पोलारिस, म्हणजे ५८० च्या पिढीच्या, कार्डांचे ड्रायव्हर मुख्य रांगेतून वेगळे काढले आहेत.

उणिवाही आहेत. ८ जीबी आज पुरतात, उद्या टेक्स्चर एक पायरी खाली आणावं लागेल. रे ट्रेसिंग नावापुरतं, चालू केलं की फ्रेम निम्म्यावर. आणि हे कार्ड आठच लेन वापरतं. माझ्या बोर्डवर त्या ३.० च्या आहेत, त्यामुळे मेमरी भरली की जरा जास्त झटका बसतो. २०,८०० रुपयांत मला हे मान्य आहे. २५ हजारांत नसतं.

जुनं ५८० काढून न टाकता लॉसलेस स्केलिंग या सॉफ्टवेअरसाठी खाली ठेवायचं, ६६०० ने गेम काढायचा आणि ५८० ने मधल्या फ्रेम भरायच्या, असंही हल्ली बरेच जण करतात. मी एक रात्र करून पाहिलं. त्या चार लेनमधून काम रेटत नाही, माउस जड लागतो. नवा बोर्ड आणि रुंद दुसरा स्लॉट असेल तर त्यात तथ्य आहे.

ज्यांच्याकडे आत्ता पैसे नाहीत त्यांनी दोन्हीच्या नादी लागू नये. कार्ड उघडून धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, व्होल्टेज थोडं उतरवा, ज्या गेममध्ये एफएसआर (डीएलएसएससारखीच एएमडीची सोय) आहे तिथे ते क्वालिटीवर ठेवा. ५८० वरही ते चालतं. मार्चमध्ये एवढं केल्यावर माझं कार्ड ८४ वरून ७४ वर आलं होतं आणि अजून एक वर्ष काढता आलं असतं.

ते ५८० शेजारच्या गल्लीतल्या अकरावीच्या मुलाने घेतलं. नवी पेस्ट लावून, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि माझं जुनं बिल जोडून दिलं. पाच दिवसांनी तो परत आला. "काका, अजून एक लावलं त डबल होईल का?" मी त्याला शनिवारी मशीन घेऊन यायला सांगितलंय. मित्राकडची कार्डं अजून विकायची आहेत, एक दिवसभरापुरतं आणतो.